जत्रा नको, आठवडी बाजार द्या

प्रति,
तालुक्यातील सर्व चषक आयोजक मंडळे, बक्षीसदाते, आजी-माजी आणि भावी लोकप्रतिनिधी, तसेच खाणी-कारखान्यांतले सीएसआर (कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च) बघणारे साहेब लोक

विषय : फुटबॉलला एका दिवसाचा चषक न देता चौदा रविवार देण्याबाबत

रामराम.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गावात टेनिस बॉल क्रिकेटच्या चषकाची फायनल होती. पाहुणे चारला येणार होते. साडेपाच वाजले तरी गाड्यांचा ताफा फाट्यावरसुद्धा दिसेना. लोक उठून जायला लागले तसा मंडपातून निरोप आला, "ते फुटबॉलवाले पोट्टे रिकामेच बसून हायेत ना, त्यायले म्हना थोडा वेळ खेळून दाखवा. पब्लिक उठून नाही गेली पाहिजे." पोरं लगेच उठली. खेळपट्टीवर पाय ठेवायचा नाही अशी अट होती, म्हणून मैदानाच्या एका कडेला चपलांचे गोलपोस्ट करून सात-सात जण खेळले. तुम्हाला आठवत असेल, तुमच्यापैकी बरेच जण समोरच्या सोफ्यावर होते. लोक थांबले. नुसते थांबले नाहीत, खुर्च्या उचलून त्या कडेला आले. नववीतली एक पोरगी मधेच घुसली आणि दोघांना चकवून तिनं गोल मारला, तेव्हा ज्या शिट्ट्या वाजल्या त्या दिवसभरात एकाही षटकाराला वाजल्या नव्हत्या. तेवढ्यात सायरन ऐकू आला. माइकवरून घोषणा झाली, "फुटबॉलवाल्यांनी ताबडतोब मैदान खाली करावं." चेंडू हवेत होता. सामना तिथंच संपला, दोन-दोन.

माइकवर मीच होतो.

म्हणून हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका. सात वर्षं झाली, चषकाची कॉमेंट्री मी करतो, पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी मी फिरतो, हिशोबाची वही माझ्याच गल्ल्यात असते. बसस्टँडसमोर माझं कृषी केंद्र आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी शेजारच्या कोळसा खाणीच्या कॉलनीकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचाव, खेळायचो. त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, एवढंच.

आपल्याकडं कुणालाही विचारा, फुटबॉल का वर येत नाही, तर उत्तर ठरलेलं: पैसा नाही. मला हे पटत नाही, कारण पैसा मी मोजलेला आहे. पहिलं बक्षीस ५१ हजार, दुसरं ३१, तिसरं २१. मालिकावीराला कूलर. वर मंडप, हॅलोजन, साउंड, यूट्यूबवर लाइव्ह, पाहुण्यांच्या शाली-श्रीफळं आणि बाहेरगावहून आलेल्या टीमची जेवणं. यंदाचा आकडा २ लाख ६० हजारांच्या वर गेला. कापसाला भाव नव्हता तरी गेला. म्हणजे तालुक्यात खेळासाठी पैसा निघतो. तो दिवसाला निघतो, हंगामाला निघत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढचं पत्र वाचायला वेळ नसेल तर इथं थांबलात तरी चालेल.

जत्रा आणि आठवडी बाजार यात फरक काय? जत्रेला पाळणे येतात, लाइटिंग होतं, भोंगा लागतो, एका रात्रीत लाखोंची उलाढाल होते आणि दुसऱ्या दिवशी मैदानात कागदाच्या द्रोणांशिवाय काही उरत नाही. बाजाराची कुणी जाहिरात करत नाही. पाऊस असो, लग्नाची तीथ असो, मंगळवार म्हणजे बाजार. म्हणून पारव्याची बाई मिरच्या घेऊन येते, म्हणून चप्पल शिवणारा येतो, म्हणून गिऱ्हाईक येतं. गाव चालतं ते बाजारावर. आपण फुटबॉलला आजवर जे काही दिलं ते जत्रेसारखं दिलं. आणि हे फक्त आपल्या तालुक्याचं नाही, मुंबई-दिल्लीपर्यंत तसंच आहे.

आधी आपल्या शाळेचं सांगतो. सुब्रतो मुखर्जी चषक ही शाळांची मोठी स्पर्धा, १९६० पासून चालू आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग दिल्ली अशी शिडी आहे, शिडी म्हणून चांगलीच आहे. पण सामने बाद पद्धतीचे. हरला की घरी. आमची टीम सकाळी सहाच्या एसटीनं निघते, जिल्ह्याच्या ठिकाणी दहाला पोचते, दुपारी मैदान मिळतं, हरते, पुरी-भाजी खाते आणि रात्री परत. झाला त्या पोराचा वर्षभराचा फुटबॉल! शाळेच्या पाच वर्षांत पाच सामने. मागच्या वर्षी मी सोबत गेलो होतो. आमची पोरं पळण्यात कुठंच कमी नव्हती, तरी चार-शून्य हरली, कारण पहिल्या अर्ध्या तासात नऊ वेळा ऑफसाइड सापडली, म्हणजे पास निघायच्या आतच समोरच्या बचावाच्या पलीकडं जाऊन उभी. लाइन्समननं झेंडा वर केला की आमचा फॉरवर्ड त्याच्याकडं पाहून हात हलवायचा, त्याला वाटलं कुणीतरी ओळखीचं बोलावतंय. हसू नका. ऑफसाइड पुस्तकातून शिकता येत नाही. दोन कडांना दोन माणसं झेंडे घेऊन पळत असली पाहिजेत, आणि आमच्या पोरांनी तसा सामना त्याआधी कधी खेळलाच नव्हता. गावात लाइन्समन कोण उभा करणार? तिथं तर बाहेर गेलेला बॉल कुणी आणायचा यावरच भांडण असतं.

२०१७ ची गोष्ट आठवते का? देशात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक होणार होता, नवी मुंबईतही सामने होते. त्यानिमित्त आपल्या राज्यानं १५ सप्टेंबरला एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थी फुटबॉल खेळवायचं ठरवलं. शाळाशाळांत फुटबॉल आले. आमच्याकडच्या एका शाळेतही आले, कोरे करकरीत. प्रार्थनेनंतर फोटो निघाले, पोरांनी दहा-दहा मिनिटं लाथा मारल्या आणि बॉल कपाटात गेले. "फुटला तर हिशोब कोन देईन?" हा गुरुजींचा सवाल होता, आणि खरं सांगतो, मला तो चूक वाटत नाही. स्टॉक रजिस्टरवर चढलेली वस्तू कमी झाली की लेखापरीक्षणात सापडतात ते गुरुजी, मंत्री नाही. तीन-चार वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा बॉलची हवा गेलेली होती आणि वरचा थर एकमेकांना चिकटला होता. त्या दिवशी एखाद्यानं शाळेला लिहून दिलं असतं की दरवर्षी दोन बॉल फुटतील हे आम्ही धरूनच चाललो आहोत, तर ते दहा लाख पोरांच्या दिवसापेक्षा मोठं काम झालं असतं.

बॉलवरून आठवलं. युरोपच्या वर, समुद्रात फेरो बेटं आहेत. सगळी बेटं मिळून लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आसपास, म्हणजे आपला तालुकासुद्धा त्याहून कितीतरी मोठा. तिथं १९४२ पासून साखळी सामने चालतात. मधे १९४४ चा हंगाम तेवढा झाला नाही, कारण महायुद्धामुळे बॉलच मिळेनात! ज्या देशात हंगाम बुडायला बॉल संपावे लागतात त्या देशाचं फुटबॉल पुढं कुठं गेलं बघा. त्या बेटांवर क्लाक्सविक नावाचं गाव आहे, वस्ती पाच हजारांच्या आसपास. आपल्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढं. तिथल्या क्लबनं २०२३ च्या जुलैत बुडापेस्टला जाऊन फेरेंत्सवारोश या हंगेरीच्या नामांकित क्लबला त्यांच्या घरात ३-० हरवलं आणि त्याच वर्षी युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा फेरो बेटांचा पहिला क्लब होण्याचा मान मिळवला. त्यातले बरेच खेळाडू दिवसा दुसऱ्या कामावर जाणारे. तिथंही प्रायोजकांची रांग लागलेली नाही. पंचावन्न हजारांच्या बाजारपेठेत कोण कशाला जाहिरात करणार? टीव्हीवाल्यांना कशाला पडलेली? छोट्या देशांच्या घरच्या फुटबॉलचं हेच दुखणं आहे: प्रेक्षक मोजके, म्हणून जाहिरात नाही, म्हणून पगार नाही, म्हणून चांगला पोरगा अठराव्या वर्षी बाहेर. क्लाक्सविकनं ते दुखणं बरं केलं असं मी म्हणत नाही, आणि युरोपच्या संघटनेकडून त्यांना जे पैसे मिळतात ते आपल्याला कुणी देणार नाही हेही कबूल. पण त्यांनी दर आठवड्याचा सामना कधी सोडला नाही.

उलटं उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल हा आपल्या सोयीचंच सांगतो. २०२५ च्या १८ नोव्हेंबरला आपला भारत ढाक्यात बांगलादेशाकडून १-० हरला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच तारखेला तिकडं कॅरिबियनमध्ये कुरासाव नावाच्या बेटानं जमैकाला बरोबरीत रोखून २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, विश्वचषकाला पात्र ठरलेला आजवरचा सगळ्यात छोटा देश. व्हॉट्सॲपवर दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला तो मेसेज पाठवला होता, "दीड लाखवाले गेले, दीडशे कोटीवाले बसले." पण भाऊ, त्यांचे जवळपास सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्या क्लबांत तयार झालेले. बेटाचं रक्त, हॉलंडचा बाजार. म्हणजे तिथंही कुणीतरी लहानपणापासून दर शनिवारी त्यांना खेळवलंच होतं, फक्त ते दुसऱ्याच्या खर्चानं. आपल्या नागपूर-अकोल्यातून गेलेल्यांची पोरं तशी कुठं तयार होऊन परत येतील अशी वाट पाहायची असेल तर विषयच संपला.

आता आपल्या देशाचं. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा नटनट्या होत्या, फटाके होते, म्हातारे झालेले परदेशी खेळाडू होते. मीही रात्री जागून पाहायचो. पहिल्या दोन-चार वर्षांत तर सगळा हंगाम तीन महिन्यांत उरकायचा. खालच्या लीगमधून जिंकून वर यायची वाट उघडली ती २०२३ मध्ये, तोवर नऊ वर्षं ते दार बंद. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक कागद होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना दिले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, नवा काही ठरेना, म्हणून जुलैतच पुढचा हंगाम थांबवला गेला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. नवीन निविदा काढली तर नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. दीडशे कोटींच्या देशात पहिल्या दर्जाच्या लीगला घेणारा सापडेना!

हे वाचलं तेव्हा मला आमचा ट्रक आठवला. खाणीच्या कॉलनीत आमची टीम होती ती एका वेल्फेअर ऑफिसरच्या जिवावर. ड्रिलिंगचे भंगार पाइप वेल्डिंग करून त्यांनी गोलपोस्ट उभे केले, आणि दर रविवारी खाणीचा ट्रक द्यायचे. मागं वीस-पंचवीस जण उभे, कोळशाच्या धुळीनं पांढरे शर्ट करडे, आणि आम्ही या कॉलनीतून त्या कॉलनीत, कधी वणीकडं, कधी वर्धा नदी ओलांडून घुग्घुसकडं. कुणी त्याला लीग म्हटलं नाही. पण या रविवारी तुम्ही आमच्याकडं, पुढच्या रविवारी आम्ही तुमच्याकडं, असं चार-पाच वर्षं चाललं. प्रेक्षक? कॉलनीतल्या बाया स्वेटर विणत बसायच्या कडेला, आणि पेनल्टी कुणी मारायची यावर मत द्यायच्या. साहेबांची बदली झाली. ट्रक बंद झाला. ट्रक बंद झाला म्हणून रविवार बंद झाला, आणि रविवार बंद झाला म्हणून टीम मेली. मैदान तर पुढं खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याखाली गेलं, पण तोवर तिथं खेळायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून कुणी बोंबललंही नाही. आमच्यातला एकही जण त्या वर्षी अचानक वाईट खेळायला लागला नव्हता. एका माणसावर, एका ट्रकवर, एका करारावर अख्खा खेळ टांगला की हे असं होतं, मग तो ट्रक डिझेलवर चालो की ७०० कोटींवर.

१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी मुंबईत वानखेडेवर आला. आमच्या गावातून कुणी गेलं नाही, तिकिटाच्या पैशात तुरीची फवारणी होते. पण मंगळवारच्या बाजारात दीडशे रुपयांचा दहा नंबरचा शर्ट आधीच आला होता आणि तो घालून पोरं मोबाइलवर पाहत होती. त्याच वेळी राज्य सरकारची महादेवा योजना पुढं आली: तेरा वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडायच्या आणि त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती देऊन घडवायचं. मी योजनेला नाव ठेवणार नाही, एखादं पोरगं आपल्याकडचं निवडलं गेलं तर मी पेढे वाटीन. फक्त एक प्रश्न पडतो. ही साठ लेकरं खेळणार कुणाशी? आणि निवड चाचणीला आमचा पोरगा जाईल तेव्हा त्याच्या नावावर आयुष्यातले किती सामने असतील? चार? निवडणाऱ्यानं त्याच्यात काय पाहायचं, पळताना किती धूळ उडते ते?

क्रिकेटनं फुटबॉल खाल्लं असं म्हणणारेही आहेत. मी त्यांच्यातला नाही, माझी रोजीरोटी नसली तरी माझा माइक क्रिकेटवर चालतो. उलट क्रिकेटकडून शिकायचं तर नीट शिकू. विदर्भ रणजीत पहिल्यांदा खेळला १९५७-५८ मध्ये. विजेता झाला २०१७-१८ मध्ये, साठ वर्षांनी. त्या साठ वर्षांत विदर्भ म्हणजे इतरांना गुण देणारा संघ अशी चेष्टा व्हायची, पण दर हिवाळ्यात संघ उभा राहिला, हरला, परत उभा राहिला. मधे नागपूरजवळ जामठ्याचं स्टेडियम झालं, मुलांसाठी निवासी अकादमी झाली, चंद्रकांत पंडितांसारखा प्रशिक्षक आला, आणि मग लागोपाठ दोन वर्षं चषक, पुढं २०२४-२५ ला तिसरा. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण कामगाराचा पोरगा, टेनिस बॉलवर खेळणारा उमेश यादव भारताकडून खेळला तो यामुळे, की टेनिस बॉल टाकून लाल चेंडू हातात घेतल्यावर वर जायला पायऱ्या होत्या. आपल्या फुटबॉलमध्ये नागपूर आणि कामठी सोडलं तर पायरीच नाही. कामठीला छावणीच्या काळापासून हा खेळ आहे, रब्बानी क्लबाचं नाव नागपुरात आजही आदरानं घेतात, तिथं जिल्हा संघटनेची वेगवेगळ्या गटांची लीग आहे. विजय बारसे सरांनी नागपुरात २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन जे उभं केलं ते तर जगानं पाहिलं. पण ते सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब. आमच्या पोरानं कुठं खेळायचं?

म्हणून आता मागणी. हिशोब करून आणला आहे, खत-बियाण्याच्या बिलासारखा, तपासून घ्या.

आठ गावं, सगळी पंचवीस किलोमीटरच्या आत. दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येक टीम दुसऱ्या प्रत्येकीशी एकदा आपल्या गावात आणि एकदा त्यांच्या गावात. चौदा रविवार, छप्पन सामने. एका सामन्याला रेफ्रीचे ५०० आणि दोन लाइन्समनचे तीन-तीनशे, असे ६१,६०० रुपये. पाहुण्या टीमच्या गाडीचे एका फेरीला १,२०० धरले तर ६७,२००. प्रत्येक टीमला दोन बॉल, १६ हजार, आणि फुटले तर फुटले, कुणी रजिस्टर मागायचं नाही. आठ मैदानांच्या जाळ्या २४ हजार. रेषा मारायची फक्की ८,४००. प्रथमोपचाराच्या पेट्या १२ हजार. बेरीज १ लाख ८९ हजार २००. आपल्या एका क्रिकेट चषकापेक्षा सत्तर हजारांनी कमी, आणि यात आठ गावांतली दीडशे पोरं सव्वातीन महिने खेळतात. एका सामन्याला साधारण ३,४०० रुपये पडतात. जिनिंगवाले शेठ, पेट्रोल पंपवाले, आम्ही कृषी केंद्रवाले, सोनार, एकेकानं एकेक सामना उचलला तरी कुणाच्या खिशाला कळणार नाही. बक्षिसाची रक्कम यात धरलेली नाही आणि कृपा करून धरूही नका. एकदा ५१ हजार आले की नागपूरहून भाड्याचे सात खेळाडू येतात आणि गावचं पोरगं पाणी द्यायला उभं राहतं, हे आपण क्रिकेटमध्ये करून बसलो आहोत. स्टीलचा एक कप पुरे.

हंगाम दिवाळीनंतरचा पहिला रविवार ते फेब्रुवारी. हे मी शेतकऱ्याच्या सोयीनं आणि जमिनीच्या मर्जीनं ठरवलं आहे. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला किलो-किलो चिकटते आणि उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की घोट्यापर्यंत पाय आत जातो. माझा उजवा घोटा एप्रिलमधल्या एका मित्रत्वाच्या सामन्यातच गेला, अजून हवामान खात्याच्या आधी पाऊस सांगतो. वेचणी असते हे मला माहीत आहे, म्हणून सामने चारला. गोलपोस्टच्या पुढं आणि मैदानाच्या मधल्या वर्तुळात चार-चार ट्रॉल्या मुरूम पडला तर उत्तम. तेवढं ग्रामपंचायतींनी करावं, मुरूम कुठून येतो ते सरपंचांना मी काय सांगू!

सीएसआरच्या साहेबांशी थोडं वेगळं बोलतो. तुमच्या दालनात मी दोनदा येऊन गेलो. एकदा सांगितलं की खेळ बसत नाही, एकदा सांगितलं की "काहीतरी इव्हेंट घ्या, मग बघू." मी कायदा वाचून आलो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, ज्यात मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के खर्चायचे आहेत. त्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, फुटबॉल त्यात बसतो. आणि इव्हेंटबद्दल तर कंपनी व्यवहार मंत्रालयानं १८ जून २०१४ च्या परिपत्रकात (२०२१ मध्ये त्याच्या जागी नवे खुलासे आले) लिहून ठेवलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात असले एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरायचे नाहीत. म्हणजे जत्रेला पैसे द्यायचे नाहीत असं सरकारनंच म्हटलं होतं, आणि तुम्ही माझ्याकडं जत्राच मागता. चौदा रविवारांचं प्रशिक्षण आणि सामने, आठ गावांतल्या चोवीस जणांना दोन दिवसांचं रेफ्रीचं शिबिर, असा प्रस्ताव टाइप करून तयार आहे. फोटो हवे असतील तर छप्पन सामन्यांचे देतो.

लोकप्रतिनिधींनाही हेच गणित. तुम्ही चषकाला एकदा येता, तेही उशिरा. इथं रविवारी कुठल्याही गावी चारला गेलात तर चारशे माणसं एका जागी उभी मिळतील. भाषण मात्र नाही. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, चहा प्यायचा, बाजूच्या म्हाताऱ्याशी कापसाच्या भावावर बोलायचं. मतं अशीच मिळतात, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे.

"पण लोक येतील का?" पावती फाडायला जातो तेव्हा शेठ लोक हेच विचारतात. फेब्रुवारीत खुर्च्या उचलून कोण आलं होतं ते तुम्ही पाहिलंत. पहिल्या रविवारी चाळीस येतील. त्यातली दहा पोरांची आई-बापं आणि पाच दारू प्यायलेली असतील. तिसऱ्या रविवारी शेजारच्या गावाकडून हरलो की सत्तर येतील, कारण त्या गावाशी आपलं पाण्याच्या टाकीवरून जुनं आहे. सहाव्या रविवारी भजेवाला आपणहून गाडी लावेल. भजेवाला आला की समजा बाजार बसला. घरून एक प्रश्न मात्र येतो, "सर्टिफिकेट भेटते का?" पोलीस भरती आणि खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणामुळं आई-बापाला तो विचारावाच लागतो. आपल्या लीगचं सर्टिफिकेट सरकारी कामाचं नसेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगणार आहे. पण जिल्ह्याला ऑफसाइड न सापडता जो पोरगा जाईल तो पुढचं सर्टिफिकेट स्वतः आणेल.

नववीतल्या त्या पोरीचं काय करायचं, हा प्रश्न माझ्याकडं सुटलेला नाही. मुलींच्या आठ टीम होत नाहीत, तीनसुद्धा होत नाहीत. तिच्या बापाचा खेळायला विरोध नाही, चड्डीला आहे. मी म्हटलं लेगिंग घालून खेळू दे, नियमात बसतं. तो म्हणाला, विचारून सांगतो. कुणाला विचारणार ते बोलला नाही. तोवर चौदा वर्षांखालच्या गटात मुलं-मुली एकत्र खेळवावीत आणि तिला एखादं वर्ष जास्तीचं द्यावं असं माझं मत आहे, यावर बैठकीत भांडू.

बैठक येत्या मंगळवारी, बाजार उठल्यावर, माझ्या दुकानामागच्या गोदामात. बसायला युरियाच्या गोण्या आहेत. पाच गावांनी हो म्हटलं आहे, तीन बाकी आहेत. हार-तुऱ्यांची व्यवस्था नाही.

आपला,
एक जुना लेफ्ट बॅक
(चषकाच्या माइकवाला)

ता. क. त्या दिवशी चेंडू हवेत होता असं वर लिहिलं आहे. तो मंडपाच्या मागं पडला आणि नंतर कुणालाच सापडला नाही. डेकोरेशनवाल्यांच्या पडद्यांत गुंडाळून गेला असावा. पांढरा-निळा आहे, एका बाजूला स्केचपेननं पोरांची नावं लिहिलेली आहेत. कुणाकडं असेल तर दुकानात आणून द्यावा, पोरं रोज विचारतात.